राज्याची शीव आणि धम्माची कसोटी



आपल्या वाडवडिलांजवळ हाडकी-हाडवळ्याचा एखादा तुकडा सोडला तर जमीन नव्हती; पण गावाची शीव कोठून कोठवर जाते हे त्यांच्याइतके गावात कोणाला ठाऊक नव्हते. दोन गावांत शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराला बोलावीत. तो शपथ घेऊन शिवेवरून चालत जाई आणि तो चालेल ती शीव दोन्ही गावे कबूल करीत. रात्री वेशीची राखण त्याचीच. चोर-दरोडेखोर आला तर पहिला घाव त्याच्यावर. म्हणजे ज्याला गावात पाऊल टाकण्याची बंदी, त्याच्याच जिवावर गावाची हद्द राखलेली!

असे का झाले, याचा उलगडा परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांच्या मूळ उत्पत्तीवरील ग्रंथात केला आहे. टोळीयुद्धात पराभूत होऊन वाताहत झालेल्या माणसांना स्थिर झालेल्या गावांनी आश्रय दिला. परंतु गावात नव्हे, तर गावाच्या कडेला. भाकरीच्या बदल्यात त्यांनी राखण करावयाची. ही वाताहत झालेली माणसे पुढे बौद्ध होती, असेही बाबासाहेबांचे प्रतिपादन आहे. या सिद्धांतावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला आहे. तो येथे नको. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावयाची आहे: निराश्रिताला जागा दिली जाते ती त्याच्या सोयीसाठी नव्हे, तर दुसऱ्याच्या रक्षणासाठी. माणसाचेच कुंपण केले जाते.

गावाने जे केले तेच आजची राष्ट्रे करतात, आणि ती फार मोठ्या प्रमाणावर करतात. सरहद्दीवर वेगळ्या भाषेचे, वेगळ्या धर्माचे लोक राहत असले की राजधानीतल्या लोकांना झोप लागत नाही. मग तेथे आपल्या भाषेची, आपल्या धर्माची माणसे नेऊन बसवावयाची. पुढच्या शिरगणतीत आकडा बदलतो, मग मतदारसंघ बदलतो, मग गावाचे नावही बदलते. जो पिढ्यान् पिढ्या तेथे राहिला तो आपल्याच जागी पाहुणा ठरतो. आणि नेऊन बसवलेली माणसे कोण असतात? मंत्र्यांचे भाऊबंद नव्हेत. ते भूमिहीन, पूरग्रस्त, कर्जबाजारी, प्रसंगी तुरुंगातले कैदीसुद्धा असतात.

आता तुम्ही म्हणाल, हा राजकारणाचा विषय धम्माच्या पाक्षिकात कशाला? कारण या व्यवहारात एके ठिकाणी आपले धम्मबांधव देशोधडीला लागले आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी बौद्ध म्हणवणाऱ्या राज्याने तेच दुसऱ्यांच्या वाट्याला आणले आहे. दोन्ही प्रकरणे डोळ्यांसमोर ठेवून आपण काय बोलतो, यावर आपली दीक्षा किती खोल गेली आहे हे दिसणार आहे.

पहिले प्रकरण चितगावच्या डोंगरी मुलखाचे. बांगलादेशाच्या आग्नेय कोपऱ्यात, आपल्या त्रिपुरा आणि मिझोरामला लागून, रांगामाटी, खागडाछडी आणि बांदरबन असे तीन जिल्हे आहेत. त्या देशाचा सुमारे एक दशांश मुलूख तेवढाच. तेथे चाकमा आणि मारमा हे बौद्ध, त्रिपुरा हे बहुतेक हिंदू, शिवाय म्रो व इतर लहान जमाती राहतात. डोंगरउतारावर फिरती शेती करावयाची, गोव्या-कोकणात जिला कुमरी म्हणत तशी. तिकडे तिला झूम म्हणतात. इंग्रजांनी १९०० साली एक कायदा करून बाहेरच्या माणसाने तेथे येऊन जमीन घेण्यावर बंधने घातली होती. इंग्रजांना डोंगरी लोकांचा कळवळा होता असे नव्हे. पण त्या कायद्याच्या आडोशाने हे लोक टिकले एवढे खरे.

१९४७ साली या मुलखात शंभरांतले सुमारे ९७ लोक बिगरमुसलमान होते. धर्माच्या पायावर फाळणी व्हावयाची तर हा मुलूख भारतात यावयास हवा होता. त्या समजुतीने १५ ऑगस्टला रांगामाटीत तिरंगा लागलासुद्धा. दोन दिवसांनी रॅडक्लिफसाहेबांचा निवाडा बाहेर आला आणि मुलूख पाकिस्तानात गेला. चितगाव बंदराला पाठीमागचा प्रदेश हवा, कर्णफुली नदी हवी, असा त्यामागचा हिशेब सांगतात. मग पाकिस्तानी शिपाई आले आणि तिरंगा उतरला. नकाशावर ज्यांनी रेघ ओढली त्यांना त्या रेघेवर कधी चालावे लागले नाही. आपल्या वाडवडिलांना निदान चालावे तरी लागत होते!

पुढे कर्णफुलीवर काप्ताई येथे धरण बांधले. ते १९६२ साली पुरे झाले. सुमारे ५४ हजार एकर सुपीक जमीन पाण्याखाली गेली, म्हणजे त्या मुलखातल्या लागवडीच्या चांगल्या जमिनीपैकी शेकडा चाळीस. लाखभर माणसे उठली. चाकमा राजाचा वाडाही बुडाला. वीज गेली ती सपाटीवरच्या कारखान्यांना आणि शहरांना. ज्यांची शेते गेली त्यांच्या हाती पुरेशी भरपाई पडली नाही, आणि सुमारे ४० हजार चाकमा १९६४च्या सुमारास सरहद्द ओलांडून भारतात आले. आपल्याकडे कोयनेच्या धरणग्रस्तांची कहाणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगावयास नको.

१९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला. ज्या लोकांवर उर्दूची सक्ती झाली, ज्यांनी आपल्या भाषेसाठी रक्त सांडले, त्यांचे राज्य आले. वाटले, हे तरी दुसऱ्याच्या भाषेचे दुःख जाणतील. परंतु १९७२च्या घटनेत कलम घातले की या देशाचे नागरिक बंगाली म्हणून ओळखले जातील. घटना समितीत मानवेंद्र नारायण लारमा नावाचा एक तरुण सभासद होता. राजकारणात येण्यापूर्वी त्याने शिक्षकी केली होती. त्याने उभे राहून विरोध केला: मी या देशाचा नागरिक आहे, पण मी चाकमा आहे, चाकमा हा बंगाली होत नाही. त्याचे कोणी ऐकले नाही. पुढे त्याच्या पक्षाने शांतिवाहिनी नावाचे सशस्त्र दल उभारले. नाव शांतीचे आणि हाती बंदूक! त्या मार्गाचे समर्थन मला करता येत नाही. १९८३ साली लारमा आपल्याच पक्षातल्या फुटीर गटाकडून मारला गेला.

सरकारने उत्तर दिले ते फौजेने आणि वसाहतीने. १९७९ पासून पुढच्या सहासात वर्षांत सपाटीवरची सुमारे ४ लाख भूमिहीन बंगाली माणसे डोंगरात आणून बसवली गेली. नदीने ज्यांची शेते खाल्ली, ज्यांना गावात उपजीविका नाही, असे हे लोक. प्रत्येक कुटुंबाला काही एकर जमीन देऊ, रेशन देऊ, असे सांगितले. जमीन रिकामी आहे, असेही सांगितले. रिकामी कसली? झूम करणारा एक उतार काही वर्षे पड टाकतो, ती पडीक जमीनही त्याचीच असते. फक्त त्याच्याजवळ सात-बारा नसतो. १९५१ साली त्या मुलखात बंगाली शंभरांत सुमारे नऊ होते. १९९१च्या शिरगणतीत ते निम्म्याच्या जवळ जाऊन पोचले. दरम्यान कत्तली झाल्या, विहार जळाले, पन्नास हजारांहून अधिक लोक त्रिपुरातल्या छावण्यांत येऊन पडले. २ डिसेंबर १९९७ रोजी करार झाला, निर्वासित परतले. परंतु जमिनीचे तंटे सोडवण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे काम वर्षानुवर्षे रखडत राहिले.

येथे एक गोष्ट विसरू नका. आणून बसवलेल्या त्या बंगाली शेतकऱ्याचे काय झाले? शांतिवाहिनीने त्याच्या वस्तीवर हल्ले केले, त्याची बायकामुले मारली. मग सरकारने त्याला ‘गुच्छग्राम’ नावाच्या दाटीच्या वस्त्यांत, फौजेच्या ठाण्यांशेजारी, कोंबले. जमीन कागदावर आणि पोट रेशनवर. तो फौजेच्या आड राहिला की फौज त्याच्या आड राहिली, हे सांगणे कठीण आहे. गावकुसाबाहेर ठेवून राखण करवून घेण्याचा हा नवा अवतार आहे, असे माझे मत आहे.

हे वाचून तुमचे मन चाकमा बांधवांसाठी कळवळले असेल. कळवळावयासच हवे. ते बुद्धाला वंदन करतात, आपल्यासारखेच त्रिशरण म्हणतात. आता तेच मन घेऊन माझ्याबरोबर सिंहलद्वीपात चला.

लंकेचे ऋण आपल्यावर आहे. त्रिपिटक लंकेत जतन झाले. अनागारिक धर्मपालांनी बुद्धगयेसाठी जन्मभर झगडा केला. १९५० साली बाबासाहेब कँडीला जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. आणि आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल अशी एक गोष्ट: १८९८ साली मद्रासकडचे पंडित अयोथी दास कोलंबोला गेले आणि हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांकडून त्यांनी पंचशील ग्रहण केले. अयोथी दास तमिळ होते आणि परया म्हणून हिणवल्या गेलेल्या जातीतले होते. आपल्या नागपूरच्या दीक्षेपूर्वी अठ्ठावन्न वर्षे एका तमिळ अस्पृश्याला लंकेच्या भिक्षूने धम्म दिला. ही त्या भूमीची थोरवी.

पण पन्नास वर्षांनी त्याच भूमीत काय घडले ते पाहा. चहाच्या मळ्यांवर राबण्यासाठी इंग्रजांनी तमिळ देशातून मजूर नेले होते. त्यांतले फार मोठे प्रमाण अस्पृश्य मानलेल्या जातींचे होते. लंका स्वतंत्र झाली त्याच वर्षी, १९४८ साली, नागरिकत्वाचा कायदा झाला आणि सुमारे ७ लाख मळेमजूर कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. पुढे १९६४ साली शास्त्रीजी आणि सिरिमावोबाई यांनी बसून वाटणी केली: ५ लाख २५ हजार भारताने घ्यावेत, ३ लाख लंकेने ठेवावेत, उरलेल्यांचे नंतर पाहू. धान्याची पोती वाटावीत तशी माणसे वाटली. त्यांना कोणी विचारले नाही. वाटणी करणाऱ्यांत आपलाही देश होता हे ध्यानात असू द्यावे.

सिंहली शेतकऱ्याचीही बाजू आहे. ती सांगितल्याविना पुढे गेलो तर अन्याय होईल. मळ्यांसाठी इंग्रजांनी कँडीकडच्या डोंगरातली जमीन घेतली, तेव्हा तेथला सिंहली कुणबी दाटीवाटीत सापडला. त्याला उत्तरेकडच्या व पूर्वेकडच्या कोरडवाहू मुलखात जमीन द्यावी, जुने तलाव दुरुस्त करावेत, ही कल्पना १९३१ पासून शेतीमंत्री असलेल्या सेनानायकांनी हाती धरली. १९३५ साली कायदा झाला, १९४९ साली गल ओया नदीवरची मोठी योजना सुरू झाली. भूमिहीनाला जमीन! यात वाईट काय? आपणही १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली याच मागणीसाठी तुरुंग भरले.

वाईट एवढेच की ती जमीन नकाशात कोठे होती आणि तेथे कोणाला नेले, यात दुसरा एक हिशेब मिसळला. पूर्व प्रांतात तमिळ आणि मुसलमान राहत होते. त्रिंकोमाली जिल्ह्यात १९२१ साली सिंहली लोक शंभरांत चारच्या आसपास होते. १९८१ साली ते एक तृतीयांश झाले. गल ओयाच्या वसाहतीनंतर बट्टिकलोआ जिल्हा तोडून १९६१ साली अम्पारा हा नवा जिल्हा झाला. १९५६ साली सिंहली हीच एकमेव राजभाषा असा कायदा झाला आणि जूनमध्ये त्याच गल ओया वसाहतीत तमिळांवर हल्ले होऊन माणसे मेली. सोबत एक कथा सांगितली जाऊ लागली: हा सारा मुलूख पूर्वी सिंहली बौद्ध राजांचा, हे पडके स्तूप त्याचा पुरावा, आम्ही फक्त परत येत आहोत. तमिळ देशात आणि उत्तर लंकेत एके काळी तमिळ बौद्धही होते, ‘मणिमेकलै’ हे बौद्ध महाकाव्य तमिळ भाषेत रचले गेले, ही गोष्ट त्या कथेत बसत नाही. म्हणून ती वगळली गेली. मग पडक्या स्तूपावरून शेताची मालकी ठरू लागली!

मी शाळेत भूगोल शिकवतो. नकाशा रंगवताना मुले शेजारच्या देशाचा रंग आपल्या देशात सांडू नये म्हणून कडेला पेन्सिल दाबून फिरवतात. कडेची रेघ सगळ्यांत काळी होते. राज्यांचेही असेच आहे. मधल्या भागात जे सैल चालते ते कडेला चालत नाही.

लंकेतली एक हकीकत मी तुमच्यापुढे सविस्तर ठेवतो. उत्तरेस मुल्लैतीवू आणि वावुनियाच्या सीमेवर ‘केंट फार्म’ आणि ‘डॉलर फार्म’ नावाच्या दोन शेतवाड्या होत्या. १९७७ साली दंगली झाल्या तेव्हा मळ्यांवरून जीव घेऊन पळालेले गरीब तमिळ मजूर तेथे वसवण्यात आले होते. कोण हे लोक? ज्यांचे नागरिकत्व १९४८ साली गेले, तेच. त्यांनी रान साफ केले, पीक घेतले. १९८४ साली सरकारी बळाने त्यांना तेथून हुसकले. मग तेथे सिंहली कैदी त्यांच्या बायकामुलांसह आणून बसवले. खुला तुरुंग असे त्याला नाव. तमिळबहुल उत्तर आणि पूर्व यांच्यामधला जोड तोडण्यासाठी ही जागा मोक्याची होती. ३० नोव्हेंबर १९८४ रोजी तमिळ वाघांनी त्या दोन वाड्यांवर हल्ला केला आणि साठेक माणसे मारली. त्यांत बायकामुले होती. पुढे त्या टापूचे ‘मणल आरू’ हे तमिळ नाव जाऊन ‘वेली ओया’ झाले. दोन्हींचा अर्थ एकच: वाळूची नदी.

या हकीकतीत गुन्हेगार शोधावयास लागा. वाघांनी निरपराधांची कत्तल केली, त्यांचा निषेध मी करतो. त्याच वाघांनी १९९० साली उत्तर प्रांतातून सत्तर हजारांवर मुसलमानांना हाकलले, जाफनात तर दोन तासांची मुदत देऊन. पण त्या कैद्याला बायकोमुलांसह तेथे कोणी नेले? कोलंबोत ज्यांनी नकाशावर बोट ठेवले ते त्या रात्री सुखरूप होते. मेले ते आधी हुसकलेल्यांच्या इतकेच गरीब.

आणि आता जे लिहावयाचे ते लिहिताना मला जड जात आहे. १९८३ साली दिंबुलागलच्या विहारातील भिक्षू सीलालंकार यांनी हजारो सिंहली भूमिहीनांना मदुरु ओयाच्या खोऱ्यात, तमिळांची दाट वस्ती असलेल्या बट्टिकलोआ जिल्ह्यात, नेऊन बसवले. पुढाऱ्यासारखे ते पुढे होते. १९९५ साली वाघांनी त्यांना गोळ्या घालून मारले. त्यांचा खून मी क्षम्य मानीत नाही. परंतु काषाय वस्त्र अंगावर असलेल्या माणसाने जमिनीच्या ताब्याचे पुढारीपण करावे, हे चीवराचे काम आहे काय? २००५ साली त्रिंकोमालीच्या बाजारात रातोरात बुद्धमूर्ती उभी राहिली आणि शहर पेटले. रातोरात मूर्ती येण्याचा प्रकार आपल्या देशात १९४९ साली अयोध्येत झाला. तेथे आपण त्याला काय म्हटले ते आठवा. यादवी युद्ध २००९ साली संपले. तरी २०२० साली पूर्व प्रांतातल्या पुराणवस्तूंसाठी सरकारने एक मंडळ नेमले, त्याचे अध्यक्ष संरक्षण खात्याचे सचिव, सभासदांत भिक्षू; आणि ज्या प्रांतात चारांपैकी तीन माणसे तमिळ किंवा मुसलमान आहेत तेथल्या या मंडळात आरंभी एकही तमिळ नव्हता, एकही मुसलमान नव्हता. पुराणवस्तू जपण्याचे काम लष्करी कारभाऱ्याकडे कशाला?

आपल्यातले काही म्हणतील, ‘गुरुजी, जगात बौद्ध देश मोजके. त्यांची उणीदुणी आपणच काढली तर शत्रूला आनंद.’ या आक्षेपात प्रेम आहे, म्हणून मी तो हसण्यावारी नेत नाही. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी हकीकत दिली आहे ती पुन्हा काढून वाचा. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून तो रात्री पळाला नाही. शाक्य आणि कोलिय यांच्या मधून वाहणाऱ्या रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. म्हणजे सरहद्दीचाच तंटा. शाक्यांच्या संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने उठून विरोध केला. कसा केला? कोलिय चांगले आहेत म्हणून नव्हे. आगळीक आपल्याही माणसांनी केली आहे, असे त्याने आपल्याच संघात, आपल्याच भाऊबंदांच्या तोंडावर सांगितले. दोन्हीकडची माणसे नेमून निवाडा करू, असे सुचवले. मताला टाकले, तो हरला. तेव्हा त्याच्यापुढे काय काय ठेवले गेले? देहदंड किंवा देशत्याग, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि शेतांची जप्ती. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. त्याने परिव्रज्या पत्करली.

ज्या धम्माचा उगम या प्रसंगात आहे, त्याचा अनुयायी ‘आपल्या बाजूचे झाकून ठेवा’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो मलाच सुचला. १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनीच मागणी केली होती की अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसवावीत, सरकारने पडीक जमीन त्यासाठी राखावी आणि वसाहतीचा एक आयोग नेमावा. मग तीही वसाहतच नव्हे काय? सिंहली कुणब्याला दिलेली जमीन वाईट आणि आपल्याला मिळाली असती ती चांगली, असा पक्षपात आपण करतो काय?

मी यावर बरेच दिवस विचार केला. फरक आहे, आणि तो धर्माचा किंवा जातीचा नाही. बाबासाहेबांची मागणी त्या माणसांच्या सुटकेसाठी होती, ज्यांनी स्वतः ती मागितली होती. सवर्ण गावाच्या पाशातून त्यांना बाहेर पडावयाचे होते. दुसऱ्या कोणाला त्याच्या घरी अल्पसंख्य करावयाचे नव्हते. मळेमजूर, चाकमा, गल ओयाचा तमिळ यांना आपले म्हणणे मांडण्याची जागाच नव्हती. आणि नेऊन बसवलेल्याला मागे फिरण्याची वाट नव्हती. केंट फार्मवरचा कैदी ‘मला येथे राहावयाचे नाही’ असे म्हणू शकत होता काय? जमीन देणाऱ्याने जमिनीबरोबर शेजाऱ्याचे वैरही सातबाऱ्यावर चढवून दिले, तर ते दान राहत नाही. ती नोकरी होते. तीही बिनपगारी आणि जिवावरची. वेसकराची नोकरी.

तरीही हे सगळे ठरवणे मी म्हणतो तितके सोपे नाही. ४० हजार चाकमा भारतात आले असे वर सांगितले. त्यांतल्या सुमारे १५ हजार माणसांना, काही हाजोंग कुटुंबे धरून, सरकारने १९६४ पासून तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, वसवले. चीनशी युद्ध होऊन दोनच वर्षे झाली होती. पुन्हा सरहद्द, पुन्हा जमीन, पुन्हा निर्वासित! जवळपास राहणाऱ्यांत खामती आणि सिंगफो हे लोक आहेत. त्यांना कोणी फारसे विचारले नाही. आज चाकमा वाढले आहेत आणि तेथले मूळचे लोक म्हणतात, हे आमच्यावर लादले गेले, उद्या आम्हीच आमच्या मुलखात थोडे उरू. हीच भीती चाकमांना रांगामाटीत वाटली होती, शब्द बदलण्याचेही कारण नाही. उलट चाकमा विचारतात, आमची मुले येथे जन्मली, नातवंडे येथे जन्मली, आम्ही जावे तरी कोठे? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जिवाचे रक्षण करण्याचा हुकूम राज्याला दिला. २०१५ साली तीन महिन्यांत नागरिकत्वाचा निकाल लावा, असे बजावले. त्या मुदतीनंतर वर्षे लोटली, प्रश्न तसाच लोंबत आहे.

खामती आणि सिंगफो यांच्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. तेही बौद्ध आहेत. वैशाख पौर्णिमेला त्यांच्या विहारात आणि चाकमांच्या विहारात एकाच पाली भाषेत तीच तीन शरणे म्हटली जातात, आणि दोन्ही विहारांच्या मधल्या जमिनीवरून अर्ज, मोर्चे, कोर्टाचे कागद चालू आहेत.